उपाशी पोटी या, एवढेच पुरेसे नाही!

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक दक्षिण गोव्यातील एका खेड्यात राहतात. वय सत्तरीला टेकलेले, रक्तदाबाचा विकार वीस वर्षांचा. पूर्वी एका गोळीवर भागत असे. गेल्या दोन वर्षांत गोळ्या तीन झाल्या, तरी दाब उतरेना, म्हणून डॉक्टरांनी त्यांस एक चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर तीनच शब्द होते : ‘रीनल आर्टरी डॉपलर’. खिडकीवरील कर्मचाऱ्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि ‘उपाशी पोटी या’ एवढे सांगून पुढच्या माणसास हाक मारली. तारीख नेमकी एकादशीची निघाली. गुरुजींना समाधान वाटले. उपास तर आयताच होता! पहाटे स्नान आटोपून त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर दोन केळी आणि चहा घेतला, आणि उपाशी पोटी औषध कसे घ्यावयाचे म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या मात्र घरी ठेवून ते पहिल्या बसने निघाले.

तपासणी झाली, अहवाल मिळाला. त्यात आतड्यातील वायूमुळे दोन्ही धमन्यांचे मूळ दिसू शकले नाही, असे इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते. ‘दिसले नाही’ या शब्दांचा अर्थ गुरुजींनी ‘काही निघाले नाही’ असा लावला आणि घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. सात महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तोच कागद वाचला, तेव्हा तपासणी पुन्हा करावी लागली. या खेपेस डाव्या मूत्रपिंडाची धमनी मुळाशी अरुंद झालेली आढळली. ते मूत्रपिंड उजव्याहून दोन सेंटिमीटरने आखूड झालेले होते. सात महिने असेच वाया गेले. दोष कोणाचा? डॉक्टरांनी योग्य तीच तपासणी सुचविली होती, तपासणाऱ्याने जे दिसले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते आणि गुरुजींनी तर आपल्या समजुतीप्रमाणे सांगितलेले सारे पाळले होते. चुकले ते एवढेच, की या तिघांच्या मध्ये जी चार वाक्ये बोलली जावयास हवी होती, ती कोणीच बोलले नाही. ती चार वाक्ये आज येथे लिहावी, असे आम्हांस वाटते.

मूत्रपिंडाची सोनोग्राफी म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो मुतखड्याचा. परंतु ही तपासणी खड्याची नव्हे. ती मूत्रपिंडास रक्त पुरविणाऱ्या धमनीची आहे. हृदयातून निघालेली महाधमनी पोटात पाठीच्या कण्याला लगटून खाली उतरते आणि तिच्यापासून डावी-उजवीकडे एकेक फाटा दोन मूत्रपिंडांकडे जातो. हा फाटा अवघा चार ते सहा सेंटिमीटर लांब आणि पाच-सहा मिलिमीटर रुंद असतो. परंतु त्यांतून जाणारे रक्त थोडेथोडके नव्हे. हृदय दर मिनिटास जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन बारीक वाहिन्यांतून जातो. म्हणजे मिनिटाला एक लिटरच्या आसपास रक्त गाळावयास येते. या मार्गात अडथळा आला, तर त्याचे परिणाम केवळ त्या अवयवापुरते राहत नाहीत.

ते कसे, हे समजण्यास वाड्यावरच्या नळाचे उदाहरण घेऊ. शेवटच्या घराकडे जाणारी नळी गंजून अरुंद झाली, तर त्या घराला पाणी कमी मिळते. घरधनी समजतो, की टाकीतच दाब नाही; तो पंपघराकडे तक्रार करतो, पंप वाढविला जातो आणि साऱ्या वाड्याच्या नळांवर नको तेवढा ताण येतो. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. त्याला रक्त कमी पोहोचले की शरीराचा रक्तदाबच उतरला, असा त्याचा समज होतो आणि ते ‘रेनिन’ नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यातून पुढे जी साखळी सुरू होते तिने शरीरभरच्या रक्तवाहिन्या आकसतात, मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. या रेनिनचा शोध १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी लावला. पुढे १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने आवळून त्याचा रक्तदाब वाढवून दाखविला. रक्तदाबाचे मूळ कधी कधी मूत्रपिंडाच्या दारातच असते, हे त्या प्रयोगाने निर्विवाद ठरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत असे एखादे बोट ठेवण्याजोगे कारण सापडत नाही आणि त्यांस या तपासणीची गरजही नसते. शेजाऱ्याने केली म्हणून आपणही करून घ्यावी, अशी ही गोष्ट नव्हे. डॉक्टर ती सुचवितात ते काही खुणा पाहून. तिशीच्या आत, घराण्यात कोणास नसताना रक्तदाब सुरू झाला. किंवा पंचावन्न वर्षांनंतर एकाएकी जोराने उफाळला. लघवी वाढविणाऱ्या गोळीसह तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही तो आटोक्यात येईना. एक मूत्रपिंड दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटरहून अधिक आखूड आढळले. अकस्मात छातीत पाणी भरून श्वास कोंडला. किंवा रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या वर्गांतील गोळी सुरू केल्यावर रक्तातील क्रिॲटिनिन तीस टक्क्यांहून अधिक वाढले, अशा वेळी धमनीकडे संशयाने पाहावे लागते. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांतही नव्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी ही तपासणी करतात. आपली तपासणी यांपैकी कोणत्या कारणासाठी आहे, हे प्रत्येक रुग्णाने चिठ्ठी हाती घेतानाच विचारून घ्यावे. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. कारण ठाऊक असलेला रुग्ण तपासणीस अधिक तयारीने जातो.

धमनी अरुंद होण्याची कारणेही सर्वांत सारखी नसतात. उतारवयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या वा मधुमेह असलेल्या माणसांत, धमनीच्या मुखाशी मेदाचे व चुन्याचे थर साचतात. तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत धमनीच्या भिंतीचीच वाढ विकृत होऊन ती मण्यांच्या माळेसारखी दिसू लागते, असा एक निराळा प्रकार आहे. तिसरा प्रकार आपल्या देशातील डॉक्टरांस चांगला परिचित आहे. तो म्हणजे ताकायासू या जपानी नेत्रवैद्याच्या नावाने ओळखला जाणारा धमन्यांचा दाह. १९०८ साली वर्णिलेला हा विकार आशिया खंडात अधिक आढळतो आणि बहुधा तरुण मुलींना गाठतो. एखाद्या विशीतल्या मुलीचे डोके सतत दुखते, एका हाताची नाडी मंद लागते, दोन हातांचे रक्तदाब वेगवेगळे भरतात आणि घरचे म्हणतात, ‘अभ्यासाचा ताण आहे, लग्न झाले की बरी होईल.’ अशा मुलीचे कोणी वेळीच ऐकले नाही, तर तिचे मूत्रपिंडच नव्हे, आयुष्यच धोक्यात येते.

आता तपासणीच्या नावातील ‘डॉपलर’ या शब्दाविषयी. ख्रिश्चन डॉपलर हा ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ. पणजीत ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकशाळा ज्या १८४२ साली निघाली, त्याच वर्षी त्याने प्राग येथे जोडताऱ्यांच्या रंगांविषयी आपला सिद्धांत मांडला. पुढे १८४५ साली हॉलंडमध्ये आगगाडीवर वादक बसवून ध्वनीच्या बाबतीत तो पडताळून पाहण्यात आला. त्याचा अनुभव कोकण रेल्वेच्या फाटकाशी उभा राहणारा कोणीही घेऊ शकतो. शिटी वाजवीत येणाऱ्या गाडीचा सूर जवळ येताना उंच लागतो आणि गाडी पुढे जाताच खाली उतरतो. त्याचप्रमाणे, पोटावर टेकविलेल्या यंत्राच्या मुठीतून निघालेल्या ध्वनिलहरी वाहत्या रक्तपेशींवर आपटून परत येतात, तेव्हा त्यांचा सूर किंचित बदललेला असतो. या बदलावरून रक्त कोणत्या दिशेने व किती वेगाने धावते, ते यंत्र सांगते. या लहरी सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांच्या असतात. आपल्या कानाची धाव वीस हजारांपर्यंतच, त्यामुळे त्या आपणांस ऐकू येत नाहीत.

वेग मोजून धमनी अरुंद आहे हे कसे कळावे? याचे उत्तर आमच्या खाजन शेतीच्या लोकांस तरी वेगळे सांगावयास नको. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी पाणी कसे धाव घेते, हे ते पिढ्यान् पिढ्या पाहत आले आहेत. पात्र रुंद असते तेथे पाणी संथ, दार अरुंद होते तेथे तेच पाणी उसळून वाहते. धमनीतही तेच घडते. निरोगी धमनीत रक्ताचा सर्वाधिक वेग सेकंदाला सामान्यतः १०० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो १८० ते २०० च्या पलीकडे गेला आणि महाधमनीतील वेगाच्या साडेतीन पटींहून अधिक भरला, तर धमनी साठ टक्क्यांहून अधिक अरुंद झाली असावी, असे अनुमान काढतात.

हे अनुमान बरोबर येण्यासाठी धमनी आधी दिसली पाहिजे, आणि येथेच रुग्णाच्या तयारीचा प्रश्न येतो. ध्वनिलहरींचे वायूशी वैर आहे. मूत्रपिंडाची धमनी पोटात खोल, आतड्यांच्या वेटोळ्यांमागे असते. त्या वेटोळ्यांत वायू भरलेला असेल, तर लहरी तेथूनच मागे फिरतात आणि पडद्यावर धमनीऐवजी राखाडी धुके दिसते. म्हणून ‘उपाशी पोटी’ या शब्दांचा अर्थ धार्मिक उपासाचा नव्हे. साबुदाणा, शेंगदाणे, रताळे, केळी, दूध, चहा-कॉफी हे सर्व उपासाला चालते, पण या तपासणीला चालत नाही. सकाळची पेजही चालत नाही. तपासणीपूर्वी साधारणतः आठ तास पोटात अन्न जाता कामा नये. काही ठिकाणी सहा तास सांगतात, काही ठिकाणी बारा. ज्या केंद्रात जावयाचे तेथील सूचना प्रमाण मानावी आणि शक्य तर सकाळची पहिली वेळ मागावी.

आदल्या रात्रीचे जेवण हलके असावे. अळसांद्यांचे किंवा वाटाण्याचे तोणाक, चणे, कोबी आणि बाटलीतील फसफसणारी पेये त्या दिवसापुरती दूर ठेवावीत. विडी-सिगारेट ओढू नये. पान-तंबाखू व चघळण्याचे गमही नको, कारण त्यांबरोबर हवा गिळली जाते. वायू कमी करणारी गोळी काही केंद्रे देतात. ती त्यांनी दिली तरच घ्यावी, शेजाऱ्याने सुचविली म्हणून नव्हे. आदल्या दिवशी दुर्बिणीने पोटाची वा आतड्याची तपासणी झाली असेल, तर ते सांगावे, कारण तिच्यात आतड्यात हवा भरलेली असते. आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवावी लागते, तसे येथे लागत नाही. त्याच वेळी मूत्राशयही पाहावयाचा असेल, तर तसे निराळे सांगितले जाते. रोपण केलेले मूत्रपिंड ओटीपोटात, त्वचेच्या जवळ असते. त्याच्या तपासणीस पुष्कळदा उपाशी राहण्याचीही गरज पडत नाही. अर्थात तेही विचारूनच ठरवावे.

औषधांचे काय? गुरुजींनी केली ती चूक अनेकजण करतात, आणि ती सर्वांत धोक्याची आहे. रक्तदाबाची सकाळची गोळी चुकवू नये. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर ती नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. तेवढ्या पाण्याने तपासणी बिघडत नाही. आधीच चढणारा दाब गोळीवाचून आणखी चढला, तर तपासणीच्या रांगेतच माणूस कोसळावयाचा. मधुमेहाच्या औषधांचा हिशेब मात्र उलट आहे. साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास घाम फुटून, हातपाय थरथरून शुद्ध हरपण्याची भीती असते. त्या दिवशी कोणती मात्रा घ्यावी, कोणती पुढे ढकलावी, हे आपल्या डॉक्टरांस आदल्या दिवसापूर्वीच विचारावे आणि खिशात साखर व सोबत न्याहारीचा डबा ठेवावा. पेडणे, सत्तरी, काणकोण येथून, किंवा सीमेपलीकडील सावंतवाडी-कारवारहून पहाटे निघणाऱ्या रुग्णास हे विशेष लागू आहे. त्याचा उपवास प्रवासानेच दुप्पट लांबतो.

प्रत्यक्ष तपासणीत घाबरण्यासारखे यत्किंचितही नाही. सुई टोचत नाहीत, रंगद्रव्य शिरेत सोडत नाहीत, क्ष-किरणही नाहीत. पोटावर व कुशीवर गार, चिकट लेप लावून डॉक्टर यंत्राची मूठ फिरवितात. कधी उताणे, कधी कुशीवर वळून झोपावे लागते. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ असे पुनःपुन्हा सांगतात. श्वासाबरोबर मूत्रपिंड वर-खाली हलत असते आणि ते स्थिर असेल तरच वेग नीट मोजता येतो. दम्यामुळे वा अशक्तपणामुळे श्वास धरवत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. मूठ काही वेळा जोराने दाबली जाते, ते वायू बाजूस सारण्यासाठी. सारे मिळून अर्धा ते पाऊण तास, क्वचित तासभर लागतो. वेळ लागला म्हणजे काही भयंकर सापडले, अशी कल्पना रुग्णांनी करून घेऊ नये. दोन्ही बाजूंच्या धमन्यांत अनेक ठिकाणी वेग मोजावयाचा असल्याने वेळ लागतोच.

तपासणीच्या वेळी यंत्रातून वादळी वाऱ्यासारखा ‘हुश्श-हुश्श’ आवाज येतो. तो बदललेला सूर यंत्राने आपल्या कानाला ऐकू येईल असा करून दिलेला असतो. पडद्यावर लाल व निळे रंग उमटतात. शाळेतल्या चित्रावरून लाल ते शुद्ध रक्त आणि निळे ते अशुद्ध, असे आपण धरून चालतो. येथे तसे नाही. मुठीच्या दिशेने येणारे रक्त एका रंगात आणि दूर जाणारे दुसऱ्या रंगात दाखविण्याची ती केवळ सोय आहे. निळा रंग पाहून कोणी काळजीत पडू नये.

या तपासणीचे गुण सांगितले, तशा मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. ध्वनिलहरींचा रक्तप्रवाहाशी होणारा कोन साठ अंशांपेक्षा मोठा झाला, तर वेगाचे आकडेच फसवे निघतात. स्थूल देहात धमनी खोल जाते आणि अस्पष्ट होते. शिवाय, निसर्गाने सर्वांस एकेकच धमनी दिलेली नाही. सुमारे चारांतील एका माणसास एखाद्या मूत्रपिंडाला एक जादा बारीक धमनी असते, आणि ती या तपासणीत निसटू शकते. म्हणून जेथे संशय बळकट असूनही चित्र धूसर आहे, तेथे डॉक्टर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी सुचवितात. सीटीच्या वेळी शिरेत सोडावे लागणारे आयोडिनयुक्त द्रव्य दुर्बल मूत्रपिंडास जड जाऊ शकते आणि एमआरमधील गॅडोलिनियमची काही संयुगे मूत्रपिंडे पार निकामी झालेल्या रुग्णांस वर्ज्य मानतात. म्हणूनच निरुपद्रवी अशा डॉपलर तपासणीचा मान पहिला आहे आणि म्हणूनच ती पहिल्या खेपेस नीट व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

अहवाल हाती आल्यावर काय पाहावे? तो वाचून निदान करणे हे रुग्णाचे काम नव्हे. परंतु चार गोष्टी त्याने डॉक्टरांकडून समजून घेण्याचा आग्रह धरावा. पहिली, दोन्ही धमन्या मुळापासून मूत्रपिंडापर्यंत पूर्ण दिसल्या का? ‘दिसली नाही’ आणि ‘निर्दोष आहे’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरी, दोन्ही मूत्रपिंडांची लांबी किती? प्रौढ माणसात ती सामान्यतः नऊ ते बारा सेंटिमीटर असते आणि दोन्ही बाजूंत फार तफावत नसते. तिसरी, रक्ताचा वेग व त्याचे महाधमनीशी प्रमाण काय भरले? आणि चौथी, अहवालात ‘आरआय’ या दोन अक्षरांपुढे लिहिलेला आकडा किती? तो मूत्रपिंडाच्या आतील बारीक वाहिन्या रक्ताला किती विरोध करतात, ते सुचवितो. ०.७० पर्यंत तो ठीक मानतात. ०.८० च्या वर गेला, तर मूत्रपिंडाच्या अंगातच जुना बिघाड असण्याचा संभव असतो. मात्र वयाप्रमाणेही तो वाढतो, म्हणून एकट्या आकड्यावरून कोणी घाबरू नये.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. धमनी अरुंद निघाली, तर पुढे काय? हृदयाच्या धमनीत बसवितात तशी जाळी, म्हणजे स्टेंट, येथेही बसवून मोकळे व्हावे, असे सर्वसामान्य माणसास वाटते. कित्येक वर्षे पुष्कळ डॉक्टरांसही तसेच वाटत होते. परंतु वाटणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्ट्रल’ या चाचणीत ८०६ रुग्ण होते आणि २०१४ सालच्या ‘कोरल’ या चाचणीत ९४७. दोन्हींचा निष्कर्ष एकाच दिशेचा होता. मेदाच्या थरांनी अरुंद झालेल्या धमनीत जाळी बसविलेल्या रुग्णांस, केवळ उत्तम औषधोपचार घेतलेल्यांहून वेगळा असा लाभ झाला नाही. रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची औषधे, मधुमेहावर ताबा, तंबाखूचा त्याग, मिठावर संयम यांनीच बहुतेकांचे काम भागते. गुरुजींचेही आज तसेच चालले आहे.

याचा अर्थ जाळी सर्वदा निरुपयोगी, असा मात्र नव्हे. ज्यांच्या छातीत वारंवार पाणी भरते, ज्यांचे मूत्रपिंड झपाट्याने खालावते, ज्यांचा रक्तदाब सर्व औषधांना दाद देत नाही, अशा निवडक रुग्णांबाबत तज्ज्ञ आजही तिचा विचार करतात. तरुण स्त्रियांतील त्या मण्यांच्या माळेसारख्या विकारात तर जाळीवाचून, केवळ फुग्याने धमनी रुंद केल्यास पुष्कळदा चांगला गुण येतो. ताकायासूच्या दाहात आधी औषधांनी दाह शमवावा लागतो. कारण कोणते आणि रुग्ण कोण, यावर उपचार ठरतो. केवळ अहवालातील टक्क्यांवर नव्हे. म्हणून ‘आजच्या आज जाळी बसवा’ असे कोठे सांगण्यात आले, तर ‘औषधांनी का भागणार नाही?’ हा प्रश्न रुग्णाने नम्रपणे, पण अवश्य विचारावा आणि जमल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

औषधांबाबतही एक इशारा देणे आवश्यक आहे. दोन्ही धमन्या अरुंद असतील, किंवा एकच मूत्रपिंड असून त्याचीच धमनी अरुंद असेल, तर वर सांगितलेल्या रामिप्रिल-टेल्मिसार्टन वर्गातील गोळ्या मूत्रपिंडास बाधू शकतात. त्याच गोळ्या इतर असंख्य रुग्णांस अमृतासमान आहेत. त्यामुळे हा मजकूर वाचून कोणी आपली गोळी मनानेच बंद करू नये. डॉक्टरांस विचारावे आणि सांगितल्याप्रमाणे क्रिॲटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे. दुकानातून आपल्याच मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा मात्र मोह टाळावा. मूत्रपिंडास त्यांचा उपद्रव फार.

शेवटी, ज्यांच्या हाती व्यवस्था आहे त्यांच्याशी दोन शब्द. काणकोण तालुक्यातील कारण न उलगडलेल्या मूत्रपिंडविकाराने गोमंतकातील कित्येक घरे आधीच धास्तावलेली आहेत. अशा घरांतील माणसाला खिडकीवर तीन इंग्रजी शब्द आणि एक तारीख देऊन परत पाठविणे, ही सेवा नव्हे. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक लोकभाषेत झळकतो. १९९४ च्या कायद्यान्वये तो लावावाच लागतो. एक वाक्य लोकांस समजावे म्हणून शासन कायदा करू शकते, तर रुग्णाने काय खावे, काय खाऊ नये, कोणती गोळी घ्यावी आणि अहवालाचा अर्थ कोणास विचारावा, एवढे मराठीत व कोंकणीत छापलेले अर्ध्या पानाचे पत्रक तारखेच्या चिठ्ठीस जोडणे अशक्य आहे काय? त्याचा खर्च एका वाया गेलेल्या तपासणीहून खचितच कमी येईल. ‘धमनी दिसली नाही, तपासणी पुन्हा करावी’ असे एक वाक्य अहवालाच्या तळाशी रुग्णाच्या भाषेत लिहिण्यास तर एक पैसाही लागणार नाही.

गुरुजींनी आयुष्यभर मुलांना शिकविले, की समजले नाही तर हात वर करून विचारावे. दवाखान्याच्या खिडकीपाशी मात्र त्यांचा स्वतःचा हात वर गेला नाही. आमच्या वाचकांनी तो अवश्य वर करावा, आणि तो वर केलेला पाहून खिडकीपलीकडच्या माणसाने दोन मिनिटे थांबावे.